घरच्या कुत्र्याचे जेवण आणि खाऊ: काय द्यावे, किती द्यावे, काय टाळावे

मी माणसांची डॉक्टर आहे, प्राण्यांची नाही. तरीही रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात कुत्र्याच्या खाण्याचा विषय आठवड्यातून एकदा तरी निघतोच. कधी पेशंट स्वतः विचारतात, कधी मलाच काढावा लागतो. मधुमेहाचे एक आजोबा माझ्याकडे नियमित येतात. साखर काही केल्या खाली येईना, म्हणून एकदा मी त्यांचे दिवसभराचे खाणे लिहून घेतले. ते म्हणाले, "डॉक्टर, चहाबरोबर मी दोनच बिस्किटे खातो. बाकीचा पुडा बंड्याचा." बंड्या म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याला पडवीची दोन पायऱ्या चढतानाही धाप लागत होती. बिस्किटांचा पुडा सकाळ-संध्याकाळ फुटत होता, आणि 'बंड्यासाठी' म्हणून घरात सतत बिस्किटे असल्यामुळे आजोबांचाही हात डब्याकडे वळत होता.

हे केवळ आमच्या आजोबांचे नाही. २०२० साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कुत्र्याला मधुमेह होता, अशा मालकांना टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर कुत्रेपालकांपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त आढळला. मधुमेह कुत्र्याकडून माणसाला लागत नाही. पण दोघांचे स्वयंपाकघर एक, फिरणे किंवा न फिरणेही एक, हे त्यामागचे कारण असू शकते. म्हणून कुत्र्याच्या भांड्यात काय पडते हा घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

तुमच्या कुत्र्याला आधीपासून मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, ती गाभण असेल किंवा पिल्लू अगदी लहान असेल, तर पुढचे प्रमाण वापरू नका. त्यांचा आहार पशुवैद्यच ठरवतील.

आधी 'किती', मग 'काय'

दहा किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ५५० ते ६५० कॅलरी पुरतात. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला ७५० ते ८५०. एका ग्लुकोज किंवा मारी बिस्किटात २० ते २५ कॅलरी असतात. म्हणजे दिवसभरात बारा बिस्किटे दिली तर दहा किलोच्या कुत्र्याची जवळजवळ निम्मी गरज बिस्किटांनीच भागली. वर त्याचे दोन वेळचे जेवण चालूच असते.

पशुवैद्यकात सर्वमान्य असा एक नियम आहे: खाऊ दिवसभराच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हा हिशेब साठ कॅलरींचा, म्हणजे अडीच बिस्किटांचा झाला. घरातल्या प्रत्येकाने 'मी एकच दिले' म्हणायचे आणि माणसे सहा असायची, अशी घरे मी बरीच पाहिली आहेत. सोपा उपाय म्हणजे सकाळी दिवसभराचा खाऊ एका वाटीत काढून ठेवायचा. ज्याला द्यायचा असेल त्याने त्या वाटीतूनच द्यायचा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचा खाऊ संपला.

'खाऊ दे की, बिचाऱ्याला दुसरे काय सुख आहे' असे म्हणणाऱ्यांना मी एक अभ्यास सांगते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांना पिल्लूपणापासून जोड्या लावून वाढवले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले, बाकी सगळे सारखे. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य १३ वर्षे भरले, जास्त खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे. सांध्यांचे दुखणेही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाले. म्हणजे जास्तीच्या खाण्याने कुत्र्याची सुमारे पावणेदोन वर्षे गेली.

वजनकाटा नसला तरी चालेल, तुमचा हात पुरेसा आहे. कुत्र्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवा. मग स्वतःची मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा. बरगड्या तशा टोकदार लागल्या तर कुत्रा बारीक आहे. हात सरळ पसरून पंजाच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जसे लागते तशा लागल्या तर वजन योग्य. आणि तळहातासारखे गुबगुबीत, दाबल्याशिवाय हाड कळतच नाही असे असेल, तर खाणे कमी करायची वेळ झाली आहे. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. 'आमचा दिसायला मस्त गोलमटोल आहे' हे मी लहान मुलांच्या आयांकडूनही ऐकते, आणि दोन्हीकडे माझे उत्तर एकच असते.

रोजचे ताट

कोकणातल्या घरी कुत्र्याला दूधभात, पेज किंवा भाताबरोबर कालवणाचा रस्सा द्यायची पद्धत आहे. यातला भात वाईट नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांसच हवे, हा गैरसमज आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार, स्टार्च पचवणारा विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर राहून त्याचे पोट बदलले आहे. नीट शिजलेला भात त्याला पचतो.

अडचण आहे ती ताटात फक्त भातच असण्याची. पंधरा किलोच्या निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी दिवसाचे ताट साधारण असे होईल: शिजलेला भात २५० ग्रॅम, बिनहाडाचे उकडलेले चिकन २०० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, अर्धी वाटी उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर आणि एक चमचा तेल. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. हे दोन वेळांत विभागून द्यायचे. याच्या कॅलरी ८००च्या आसपास भरतात.

ताट पाहून वाटते, झाले की! पण या कुत्र्याला दिवसाला सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि या सगळ्यातून त्याचा दहावा हिस्साही मिळत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. हे वर्षानुवर्षे चालले तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेते. वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली घरी शिजवायच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरचेच जेवण देणार असाल तर आठवडाभराचा आहार कागदावर लिहून पशुवैद्यांना दाखवा आणि कॅल्शियम, जीवनसत्त्वे, जस्त यांचे पूरक किती द्यायचे ते ठरवून घ्या. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. ड जीवनसत्त्व आणि लोह जास्त झाले तर विषारी ठरतात.

हा सगळा व्याप नको असेल तर चांगल्या प्रतीचे तयार कोरडे खाद्य सोपे आणि सुरक्षित. पिशवीवर चिकनचे चित्र किती मोठे आहे ते पाहू नका. 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड' असे लिहिले आहे का, आणि ते कोणत्या वयासाठी आहे, हे पाहा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेले असेल तर तो पूर्ण आहार नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना त्यांच्यासाठीचेच खाद्य हवे, कारण त्यांना कॅल्शियम जास्त झाले तरीही हाडे बिघडतात. धान्यविरहित महागड्या खाद्याच्या मागे लागायचे कारण नाही. वाटाणा आणि डाळी जास्त असलेल्या अशा काही खाद्यांचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली होती. खाद्य बदलताना जुन्यात नवे मिसळत सात दिवसांत बदला, नाहीतर जुलाब ठरलेले.

शाकाहारी घरांतून नेहमी विचारतात की कुत्र्याला शाकाहारावर ठेवता येईल का. मांजराला नाही ठेवता येत. कुत्र्याला येते, पण वरणभातावर नाही. पशुवैद्यांनी आखलेला, प्रथिने आणि पूरके मोजून दिलेला आहारच लागतो. पनीर, दही, अंडे चालत असेल तर काम सोपे होते. दुधाचे म्हणाल तर बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. पातळ शी होत असेल तर दूध बंद करा. थोडे दही बहुतेकांना सोसते.

मासे: आपल्याकडचा खास प्रश्न

मिरकरवाड्यावरून ताजा बांगडा येतो, तारली स्वस्त मिळते, मग ती कुत्र्याला का नको? जरूर द्या. माशातली प्रथिने आणि मेद उत्तम असतात. पण कच्चा मासा नको. काही माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा विकर असतो, तो शिजवल्यावर निकामी होतो. कच्च्या माशातले जंतही शिजवल्यावर मरतात. तारली प्रेशर कुकरमध्ये इतकी शिजवा की काटा बोटाने चुरडला जाईल. बांगड्याचा मधला काटा काढूनच टाका. तळलेल्या माशाचे काटे ताटातून तसेच खाली टाकणे बंद करा.

सुक्या माशाबद्दल मात्र मी ठाम आहे. सुके बोंबील, सुका बांगडा, जवळा यांत मीठ इतके असते की एकदा धुऊन ते जात नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा घरोघरी बेगमीचे सुके निघते आणि कुत्र्यालाही त्याचा वास वेड लावतो. देऊ नका.

भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर कुत्र्याला मोकळे सोडत असाल तर दोन गोष्टींवर नजर हवी. एक म्हणजे आमिषासकट पडलेला गळ. दुसरी म्हणजे जाळ्यातून काढून फेकलेला केंड मासा. या फुगणाऱ्या माशातले विष शिजवूनही जात नाही. स्नायू लुळे पडून श्वास थांबतो, आणि त्यावर उतारा नाही.

खाऊ कोणता द्यावा

कुत्र्याला खाऊचा आकार कळत नाही, तो किती वेळा मिळाला हे कळते. करंगळीच्या नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडाही त्याला तेवढाच आनंद देतो. गाजराचे काप, काकडी, उकडलेली फरसबी, बी काढलेले सफरचंद, उकडलेल्या अंड्याचे तुकडे, साध्या चुरमुऱ्यांची चिमूट, हे सगळे चालते. कोरडे खाद्य देत असाल तर त्यातलेच वीस दाणे बाजूला काढून खाऊ म्हणून द्या, वेगळे काही आणायलाच नको.

हापूसची एखादी फोड चालेल, त्यात साखर आहे हे धरून. पण बाठा कधीही नको. कुत्रा तो चघळता चघळता गिळतो आणि बाठा आतड्यात अडकतो. मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. आंब्याच्या दिवसांत मागीलदारी बाठ्यांचा ढीग पडतो, त्याला झाकण हवे. फणसाच्या आठळ्यांचेही तसेच.

हाड हा खाऊ नाही. शिजलेले हाड, विशेषतः कोंबडीचे, चावल्यावर सुईसारखे फुटते आणि अन्ननलिका किंवा आतडे फाडते. बाजारातली चघळायची कडक हाडे आणि शिंगे दातांचे तुकडे पाडतात. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर ज्यावर खूण उमटत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी जास्तच कडक आहे.

गणपतीतला आमचा अनुभव

हे मी इतक्या ठामपणे सांगते याचे एक कारण आमची चिंगी. गावठी, शहाणी, तेरा किलोची. एका गणपतीत घर मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी भरले होते. प्रत्येकाने तिला प्रेमाने काहीतरी दिले: करंजी, तुपातला मोदक, वडा, मटणाच्या दिवशी चरबीचे तुकडे. मी पाहत होते आणि गप्प बसले, कारण पाहुण्यांना काय बोलायचे! तिसऱ्या रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर उचलून ती तशीच थांबायची. पोटदुखीची ही ठरलेली मुद्रा, पण मला ती ओळखता आली नाही. मी अपचन समजून सकाळपर्यंत थांबले. पशुवैद्यांनी सांगितले, स्वादुपिंडाला सूज आहे. चार दिवस सलाइन लागले. ती वाचली, पण आजही तिला तेलकट काही सोसत नाही. आता गणपतीत तिच्या गळ्यात एक पुठ्ठ्याची पाटी असते: 'मला काही देऊ नका'. मुलांनी ती रंगवली आहे आणि पाहुणे हसून का होईना, ऐकतात.

हे अजिबात नको

मनुका, बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून सुरक्षित प्रमाण असे नाहीच. द्राक्षांतले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे असे आता मानले जाते, आणि तेच आम्ल चिंचेतही असते. शिरा, खीर, लाडू, प्रसादाचा पंचखाद्याचा पुडा, यांत बेदाणे लपलेले असतात.

कांदा आणि लसूण लाल रक्तपेशी फोडतात. कच्चे, शिजवलेले, वाटणातले, मसाल्याच्या पुडीतले, सगळे सारखेच. परिणाम लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. रोज थोडा रस्सा भातावर घालणाऱ्यांना वाटते की आमच्या कुत्र्याला काही होत नाही. त्याच्या हिरड्या एकदा नीट पाहा. चॉकलेट जितके काळे तितके घातक.

मधुमेही पेशंटच्या घरी मी आवर्जून विचारते ते झायलिटॉलबद्दल. हा गोडवा साखरविरहित च्युइंगम, काही मिठाया, काही पीनट बटर आणि काही टूथपेस्टमध्ये असतो. वेष्टनावर तो 'आयएनएस ९६७' असाही लिहिलेला असतो. माणसाला तो चालतो. कुत्र्यात मात्र तो इन्सुलिनचा लोंढा सोडतो, अर्ध्या-एक तासात साखर कोसळते, झटके येतात, पुढे यकृतही निकामी होऊ शकते. 'शुगर फ्री आहे, म्हणजे कुत्र्यालाही चांगले' हा हिशेब जीवघेणा आहे.

आणि औषधे. रात्री मला फोन येतात: "डॉक्टर, कुत्र्याचे अंग गरम लागतेय, माझीच तापाची गोळी अर्धी देऊ का?" नाही. एक तर निरोगी कुत्र्याचे अंग माणसापेक्षा गरमच असते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले तर यकृत आणि रक्त दोन्हींवर परिणाम होतो. मांजराला तर एक गोळीही मारू शकते.

भांड्यातून घरच्यांना होणारे आजार

पावसाळ्यात पडवीत रात्रभर उष्टे भांडे राहिले की उंदीर येतात. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि आपल्या कोकणात तो नवा नाही. कुत्र्याला तो होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. जेवण वीस मिनिटांनी उचला, भांडे धुवा, कोरडे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कुत्र्याला लेप्टोची लस मिळते, ती द्या. तुम्हाला स्वतःला पावसात ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे अशी लक्षणे असतील तर दोन दिवस वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ओल लागलेले खाद्य, बुरशीची पोळी, कुबट शेंगदाणे 'कुत्र्याला चालतील' म्हणून देऊ नका. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करते. इथल्या पावसात मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून आणण्यापेक्षा महिन्याभरात संपेल एवढीच आणा.

खाटकाकडून मिळणारी कच्ची काळीज-फुप्फुसे हा आणखी एक मार्ग. त्यांतल्या फोडांतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतात, त्यांची अंडी शीमधून बाहेर पडतात आणि हाताला लागून माणसाच्या पोटात जातात. मग यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ तयार होते, ती कित्येक वर्षांनी सोनोग्राफीत किंवा एक्स-रेत सापडते. मांस नेहमी शिजवून द्या, ठरल्या वेळी जंताचे औषध द्या, आणि कुत्र्याला भरवल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

चुकून काही खाल्ले तर

मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. घशात बोटेही घालू नका. हाड, गळ किंवा टोकदार वस्तू गिळली असेल तर उलटीने ती वर येताना आणखी फाडते. काय खाल्ले, किती आणि किती वाजता, हे कागदावर लिहा आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा. मनुका, झायलिटॉल, चॉकलेट किंवा गोळ्या असतील तर लक्षणे दिसेपर्यंत थांबू नका, कारण पहिल्या एक-दोन तासांतच पोट रिकामे करण्याचा उपयोग होतो. वारंवार उलट्या, फुगलेले पोट, पांढऱ्या हिरड्या, झटके, चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही असले तरी सकाळची वाट पाहू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि रात्री येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि जाताना रिकामे वेष्टन किंवा गोळ्यांची पट्टी सोबत न्या. कचऱ्यात टाकली असेल तरी शोधून काढा.